एक घर सोडून

आसगावच्या शिवारात रोवणीचे दिवस आले की लोकांना दोघांची आठवण व्हायची, पावसाची आणि सत्यभामाबाईची. पाऊस कधी कधी दगा द्यायचा, बाईने कधी दिला नाही. वय बहात्तर, अंगाने काटकुळी, आवाज मात्र असा खणखणीत की या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून हाक मारली तर चौथ्या बांधीतला बैल कान टवकारायचा. चौदा बायांची टोळी तिच्या हाताखाली होती. धानाची कोवळी रोपं, ज्यांना तिकडे पऱ्हे म्हणतात, ती चिखलात रोवायचं काम ही टोळी ठेक्याने घ्यायची. अशा टोळ्या गावात आणखीही होत्या. तरी शेतकरी आधी बाईच्या दारात यायचे, आणि त्याचं कारण नुसता हातांचा वेग नव्हता.

कारण होतं ती पहिली मूठ. बांधी म्हणजे धानाचं खाचर. ते कोणाचंही असो, पहिली मूठ सत्यभामाबाईच रोवणार. चिखलात उतरली की ती पऱ्ह्यांची एक मूठ दोन्ही हातांत धरायची, डोळे मिटायची आणि देवाशी बोलायची. मंत्र नाही, श्लोक नाही. शेजारणीशी बोलावं तसं.

"देवा, ह्या धानातून खानाऱ्याले पुरू दे, मांगनाऱ्याले पुरू दे, चिमण्या-पाखरायले पुरू दे. ह्या घरच्या चुलीत इस्तो राहू दे, लेकराच्या तोंडावर हासू राहू दे. मी रोवून राहिली, तू सांभाळजो."

नाव कोणाचं घ्यायचं नाही. मूठ ज्याच्या मातीत, आशीर्वाद त्याच्या घराला, असा साधा हिशेब होता. मग ती वाकायची, मूठ रोवायची, आणि मागे उभ्या असलेल्या बायांना म्हणायची, "चला वं, का पाहून राहिल्या?" की लागली टोळी कामाला.

हे सगळं तिने बापाकडून उचललं होतं. डोमा त्याचं नाव. जन्मभर दुसऱ्यांच्या बांध्यांत राबला, स्वतःच्या नावावर वीतभर जमीन नव्हती. लहानपणी सत्यभामाने एकदा त्याला विचारलं होतं, की लोकांच्या शेतासाठी देवाला एवढं काय मागतोस, आपल्यासाठी माग ना काही. डोमा हसला होता. म्हणाला, "पोरी, आपल्यापाशी लोकायले द्याले दुसरं का हाये? देवाचं नाव हाये. ते तरी हात आखडून नोको देऊ."

यंदा मात्र बाईच्या गुडघ्यांनी बंड पुकारलं. पवनीच्या डॉक्टरने फोटो काढून पाहिला आणि सांगितलं, हा हंगाम कसाबसा ढकला, पुढच्या वर्षी चिखलात पाय टाकायचा नाही. बाईने डॉक्टरसमोर शहाण्यासारखी मान डोलावली आणि घरी येऊन देवाशी घासाघीस सुरू केली. "आखीन एक साल दे बापा. टोंगळे काई फुकट नाई मांगून राहिली. एवढी वर्षं तुह्यंच तर काम केलं." देव नेहमीप्रमाणे सगळं ऐकून गप्प बसला.

गुडघ्यांच्या मागे खरी काळजी वेगळीच होती. पुढच्या वर्षी मूठ कोण धरणार? टोळीतली चंद्रकला एका पायावर तयार होती. तिला सगळे शब्द पाठ होते, आवाजही बरा होता. पण चंद्रकलाचं असं, की देवासमोर डोळे मिटले तरी एक डोळा चहाच्या किटलीकडे उघडा राहायचा. तिच्या हाती मूठ दिली तर दोन सालांत त्याचा नुसता देखावा होईल, हे बाईला दिसत होतं. आणि बापाने दिलेली एकुलती एक गोष्ट आपल्याबरोबर संपणार, या विचाराने तिला जेवण गोड लागत नव्हतं.

तिला हवी होती भावना, तिची सून.

भावना नाकाडोंगरीची, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाची, जंगल आणि खाणींच्या मुलखातली. धानाचा चिखल तिने सासरी येऊनच पाहिला, पण दोन हंगामांत टोळीतल्या जुन्या बायांना मागे टाकलं. बाईच्या मुलाशी, अंकुशशी तिने स्वतःच्या मर्जीने लग्न केलं होतं. तेव्हा तिचा बाप बाबुलाल भर अंगणात म्हणाला, मले पोरगी नाई. भावना बापाच्या वरताण. तिने उंबऱ्यावरूनच उत्तर दिलं, मलेही बाप नाई. त्याला सहा वर्षं झाली. ना तो आला, ना ती गेली. घरात कोणाच्या तोंडून नाकाडोंगरी हा शब्द निघाला की भावना भांडी घासायला घ्यायची, आधीच घासलेली असली तरी.

तोंडाने फटकळ, पण तिच्या तोंडून खोटं निघत नाही, हे बाईने ओळखलं होतं. देवाशी बोलायला असंच माणूस पाहिजे. एका संध्याकाळी देवापुढे दिवा लावून झाल्यावर तिने विषय काढला.

"पुढच्या साली मूठ तू धरजो वं, भावना."

"मी नाई धरत, आत्या." सासूला आत्या म्हणायची तिची सवय.

"काहून? देव मानत नाईस का?"

"देवाचं मले नाई मालूम. पन जे मनात नाई, ते देवाच्या कानात सांगाले मले नाई जमत. आन् तुमाले तरी कोठी जमते?"

"म्हंजे का?"

"रोज सांजच्याले दिव्यापाशी अख्ख्या गल्लीचं नाव घेता. ताराचंदच्या घराले दे, चंद्रकलाच्या घराले दे. आन् मंग एक घर सोडून पुढं जाता. सहा वर्षांपासून आयकून राहिली मी."

बाईने दिवा एवढ्या जोरात सरकवला की तेल सांडलं. "जाय, झोप आता," ती म्हणाली. संध्याकाळचे सात वाजले होते.

ते एक घर केशवरावांचं.

ज्या साली गोंदिया भंडाऱ्यातून फुटून वेगळा जिल्हा झाला, त्याच साली सत्यभामाबाई आणि केशवराव वेगळे झाले. जिल्ह्याची वाटणी निदान कागदावर रीतसर झाली. यांची झाली धुऱ्यावर, चौदा बायांच्या देखत. केशवराव तेव्हा नुकतेच नोकरीतून निवृत्त होऊन शेती पाहू लागले होते. साहेबी अजून अंगातून उतरायची होती. बाईने त्यांच्या बांधीत मूठ धरून डोळे मिटले, आणि हे धुऱ्यावरून म्हणाले, "बाई, रोजी रोवण्याची ठरली आहे, आशीर्वादाची नाही. देवाले कायले त्रास देता? युरिया टाकला का धान येते. हात चालवा, हात."

मागून कोणीतरी फिसकन हसलं. बाईने डोळे उघडले, मूठ चिखलात टाकून दिली आणि टोळीसकट बांधीबाहेर आली. त्याला बारा वर्षं झाली. बारा वर्षांत तिने त्यांच्या बांधीत पाऊल टाकलं नाही. त्यांच्या पत्नी मंगलाबाई वारल्या तेव्हाही ती आत गेली नाही, दारातूनच हात जोडून परतली. आणि देवालाही तिने सांगून ठेवलं होतं, की सगळ्या गावाला दे, ते एक घर सोडून. त्यांचं वाईट कर असं ती कधी म्हणाली नाही. फक्त नाव गाळायची. त्यात काही वावगं आहे असं तिला वाटतही नव्हतं, भावनाने बोलून दाखवेपर्यंत.

आता गंमत पाहा. त्याच आठवड्यात टोळीचं काम ताराचंदकडे होतं. ताराचंदची आणि केशवरावांची बांधी शेजारीशेजारी, मध्ये एक धुरा, धुऱ्यावर मोहाचं झाड. चिखल करून पाणी साचवलं की दोन्ही बांध्या सारख्याच दिसतात. ओळखायची खूण एवढीच, की मोहाच्या डाव्या हाताला ताराचंद, उजव्या हाताला केशवराव. टोळीतली कोणतीही बाई हे झोपेत सांगेल.

पण हे डावं-उजवं गावाकडून येताना. दरवर्षी टोळी गाडरस्त्याने पायी यायची. त्या दिवशी रिमझिम चालू होती, बाईचे गुडघे ठणकत होते, आणि ट्रॅक्टरवाला प्रितम म्हणाला, "बसा काकू ट्रॉलीत, नहराच्या नव्या रोडनं फुर्रकन सोडून देतो." त्याने सोडलंही फुर्रकन. फक्त नहराचा, म्हणजे कालव्याचा रस्ता शिवारात उलट्या बाजूने शिरतो, हे ना त्याच्या डोक्यात आलं ना बायांच्या. सगळ्यांनी डोक्यावर प्लास्टिकच्या खोळा ओढलेल्या, चंद्रकलाच्या भाचीच्या लग्नाचा किस्सा ऐन रंगात आलेला. मोह दिसला, टोळी डाव्या हाताला वळली. बांधीत पऱ्ह्यांच्या पेंड्या टाकून ठेवलेल्या होत्याच. शंका घ्यायला जागा कुठे होती?

बारा वर्षांनी सत्यभामाबाईने केशवरावांच्या बांधीत पाय ठेवला, तोही अगदी बिनधास्त.

तिने मूठ धरली, डोळे मिटले. शेवटचा हंगाम म्हणून असेल, त्या दिवशी ती देवाशी नेहमीपेक्षा जास्त वेळ बोलली. खाणाऱ्याला, मागणाऱ्याला, पाखरांना, चुलीतल्या विस्तवाला, लेकरांना. काही म्हणजे काही ठेवलं नाही. मग मूठ रोवली, आणि टोळी वाकली.

रोवणी करताना माणूस मागे मागे सरकत जातो. समोर हिरवं वाढताना दिसतं, पाठीमागे काय चाललंय ते दिसत नाही. त्यामुळे तासाभराने पाठीमागून, धुऱ्यापलीकडून आवाज आला तेव्हा सगळ्या दचकल्या.

"अवो काकू! माह्या बांधीत का आता बगळे रोवणी करतीन?"

ताराचंद आपल्या रिकाम्या बांधीत कमरेवर हात ठेवून उभा होता. बाया सरळ झाल्या. मोहाकडे पाहिलं, नहराकडे पाहिलं, गावाकडे पाहिलं. मग सगळ्यांच्या लक्षात आलं, आणि मग सगळ्यांनी बाईकडे पाहिलं.

मोहाखाली छत्री घेऊन केशवराव उभे होते. अगदी शांत.

"हे काय होऊन बसलं माय!" चंद्रकलाने कपाळावर हात मारला, चिखलासकट. "काकू, रोवलं ते रोवलं, पन आशीर्वाद? तो तर त्यायच्या घरी गेला! उपटा ती मूठ. वापस घ्या. आन् घाला ताराचंदच्या बांधीत."

हसण्यासारखंच होतं. पण बाईला हसू आलं नाही. तिच्या डोक्यात नुसती सणक गेली. बारा वर्षं जपलेला राग एका ट्रॉलीपायी फुकट? "हात चालवा" म्हणणाऱ्याच्या घरी आपण पाखरांसकट सगळं देऊन बसलो? ती तरातरा पहिल्या मुठीपाशी गेली, म्हणजे गुडघे नेतील तेवढी तरातरा, वाकली, आणि मूठ उपटली.

तासाभराची रोवणी ती. मुळांनी अजून माती धरलीच नव्हती. मूठ अलगद हातात आली.

आता पुढे काय करायचं ते तिला सुचेना. हातात पऱ्हे, कोपरावरून चिखल ओघळतोय, चौदा बाया बघतायत. त्या चौदांत भावना होती. डोक्यावरची खोळ मागे सारून ती फक्त सासूच्या हाताकडे बघत राहिली, जणू आता जे होईल त्यावर तिचंच काही अवलंबून होतं.

"सत्यभामाबाई," मोहाखालून केशवराव म्हणाले. साहेबी आवाजातून केव्हाच गेली होती. "मी पहिल्यापासून इथंच उभा आहे. बांधी चुकली हे तेव्हाच समजलं होतं."

"मंग बोलले काहून नाई?" बाई कडाडली.

"बारा वर्षांमागं बोललो, तर तुम्ही थांबल्या. म्हटलं, आज तोंड उघडायचंच नाही."

बाईने मुठीवरचा चिखल झटकला.

"उपटली तर उपटली," केशवराव पुढे म्हणाले. "आशीर्वाद तुमचा आहे, तुम्ही घेऊन जा. मी काही म्हणत नाही. पण तुम्ही खाणाऱ्याले पुरू दे म्हणता ना, तर मंगला गेल्यापासून खाणारा मी एकटाच आहे. मागायला आमच्याकडं कोणी येत नाही. चिमण्या येतात तेवढ्या. त्यांच्यापुरता राहू दिला असता, तरी चाललं असतं."

एवढं बोलून ते छत्रीच्या दांड्याशी चाळा करत राहिले.

सत्यभामाबाईने आपल्या हाताकडे पाहिलं. मूठ घट्ट आवळलेली होती. बाप आठवला, त्याचं ते एक वाक्य आठवलं, आणि तिला लाज वाटली. पायापासून डोक्यापर्यंत लाज वाटली. बारा वर्षं रोज संध्याकाळी ती देवासमोर बसून देवाचीच वस्तू एका घरापासून लपवून ठेवत होती, आणि वर स्वतःला त्याची माणूस म्हणवत होती.

ती सावकाश वाकली. या खेपेला डोळे मिटले नाहीत.

"देवा," ती म्हणाली, आणि आवाज असा लागला की नहराच्या रस्त्यावर प्रितमने ट्रॅक्टर थांबवला. "मघा चुकून देल्लं. आता समजून देऊन राहिली. हे केशवरावचं घर. खानाऱ्याले पुरू दे. खानारा एकटा हाये, तर त्याच्या ताटापाशी कोनीतरी येऊन बसू दे. मांगनारा येत नाई, तर मांगनारा धाड. चिमण्यायले तर पुरू देच. आन् बारा वर्षं मी हे नाव गाळलं, ते माह्यं माफ करजो."

मूठ पुन्हा मातीत गेली. भोवतीची माती तिने बोटांनी दाबून बसवली.

"आन् माह्यं का?" पलीकडून ताराचंद रडवेला झाला होता.

"तुह्याकडं उद्या येऊन राहिलो बापा, धीर धर," बाई म्हणाली. "देवापाशी सरत नाई ते." मग मागे वळून, "चला वं, का पाहून राहिल्या?"

त्या संध्याकाळी दिव्यापाशी बाईने गल्लीतली घरं ओळीने घेतली आणि एकही सोडलं नाही. भावना स्वयंपाकघरात घासलेलंच पातेलं पुन्हा घासत होती. बाईने ते पाहिलं, पण मुठीचा विषय काढला नाही. आता कोणाला काही सांगायचा आपल्याला तोंड नाही, असं तिला वाटत होतं.

वर्ष सरलं. गुडघे सुधारले नाहीत. रोवणीच्या आदल्या रात्री चंद्रकला नवी खोळ घेऊन तयारच होती, आणि बाईही थकून म्हणणार होती, की घे बाई तू. तेवढ्यात भांडी आवरता आवरता भावना म्हणाली, "आत्या, उद्या मूठ मी धरन."

बाईने कारण विचारलं नाही. फार विचारलं तर पोरगी उलटते, हे तिला माहीत होतं.

हंगामाची पहिली बांधी केशवरावांची ठरली होती. धुऱ्यावर मोहाखाली त्यांनी प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली होती. बाईला तिच्यावर बसवलं आणि स्वतः बाजूला उभे राहिले. "सत्यभामाबाई, आज तुम्ही फक्त हुकूम सोडा," ते म्हणाले. बाईने नाक मुरडलं, पण बसली. मनात तिने देवाशी बोलायचं ठरवून ठेवलं होतं. भावनाचं झालं की आपण म्हणायचं, बापा, अजून एक साल टोंगळे दे, अजून वेळ गेलेली नाही.

भावना चिखलात उतरली. मूठ दोन्ही हातांत धरली, डोळे मिटले. बाई खुर्चीच्या काठावर सरकली. शब्द अडला तर पुरवायला ती तयार होती.

"देवा," भावना म्हणाली. "ह्या धानातून खानाऱ्याले पुरू दे, मांगनाऱ्याले पुरू दे, चिमण्या-पाखरायले पुरू दे. ह्या घरच्या चुलीत इस्तो राहू दे, लेकराच्या तोंडावर हासू राहू दे."

इथे 'मी रोवून राहिली' यायला हवं होतं. ते आलं नाही. बाईने सांगायला तोंड उघडलं.

"आन् नाकाडोंगरीले एक घर हाये," भावना म्हणाली. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं होतं, आणि दोन्ही हात मुठीत अडकल्यामुळे तिला ते पुसता येत नव्हतं. "बाबुलाल त्याचं नाव. सात वर्षं म्या ते घेतलं नाई. त्याच्याही चुलीत इस्तो राहू दे. त्याले माह्या हातचा भात खाले धाड, नाईतर मले तिकडं ने. मी रोवून राहिली, तू सांभाळजो."

ती वाकली आणि मूठ रोवली. भोवतीची माती बोटांनी दाबून बसवली. चंद्रकलाचेही दोन्ही डोळे मिटलेले होते.

मग भावना सरळ झाली, बाहीने तोंड पुसलं, आणि मागे वळून म्हणाली, "चला वं, का पाहून राहिल्या?"

"आता हात चालवा म्हणू का?" केशवरावांनी हळूच विचारलं.

सत्यभामाबाईने त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. ती पदराने डोळे टिपत होती आणि बायांच्या ओळीपुढे हिरवं वाढताना बघत होती. दुपारी जेवायला सगळ्या धुऱ्यावर बसल्या तेव्हा कुठे तिला आठवलं, की देवाकडे गुडघे मागायचे राहूनच गेले.